बोर्डिंग (विद्यार्थी वसतिगृह)

गावापासून दूरच्या शाळा-कॉलेजांत शिकणाऱ्या मुलांच्या राहण्याजेवणाची व अभ्यासाची एकत्र सोय करणारी संस्था. येथे मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रातील, ग्रामीण व गरीब मुलांसाठी निघालेल्या बोर्डिंगांचा विचार केला आहे.

या परंपरेचा आरंभ कोल्हापूर संस्थानात मानला जातो. तो नेमका कोणत्या वर्षी धरावा याविषयी मात्र एकमत नाही. राजाराम कॉलेजचे वसतिगृह 1896 च्या सुमारास निघाले. ते सर्व जातींसाठी असले तरी प्रत्यक्षात तेथे ब्राह्मण विद्यार्थीच बहुसंख्येने राहिले. त्यामुळे 1901 चे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हाच खरा आरंभ, असे मानणे अधिक योग्य वाटते. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहे का काढली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. जातिभेद त्यामुळे घट्ट झाला, असे काहींचे म्हणणे. परंतु सोवळ्या-ओवळ्याच्या त्या काळात पालकांनी मुले पाठवावीत आणि त्या त्या समाजातून देणग्या मिळाव्यात, यासाठी दुसरी वाट फारशी नव्हती. हे दुसरे मत वस्तुस्थितीला अधिक धरून आहे.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेले भाऊराव पाटील यांनी पुढे वेगळी दिशा घेतली. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाहून आल्यावर आंघोळ करण्यास नकार दिला म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. 1919 मध्ये काले (ता. कराड) येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. सातारचे सर्व जातींचे बोर्डिंग 1924 चे. काही ठिकाणी आढळणारे 1927 हे साल महात्मा गांधींच्या भेटीचे असून, ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नामकरण त्यांच्या हस्ते त्या वेळी झाले.

येथे मुलाला मिळणारी पहिली गोष्ट म्हणजे शाळेजवळचा निवारा व दोन वेळचे खात्रीचे जेवण. त्याखालोखाल पंगत महत्त्वाची. वेगवेगळ्या जातींची मुले एकाच स्वयंपाकघरातले अन्न शेजारी बसून जेवत, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती. स्वयंपाक, पाणी भरणे, झाडलोट आणि शेतातले काम मुलेच करीत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे रयत शिक्षण संस्थेचे बोधवाक्य आणि पुढची ‘कमवा व शिका’ योजना यांची पाळेमुळे या दिनक्रमात आहेत. ट्रंक आणि वळकटी घेऊन आलेल्या मुलाला घंटेवर उठणे, स्वतःचे कपडे धुणे, वरच्या वर्गातल्या मुलाला अडलेले गणित विचारणे हे सारे अंगवळणी पडे. घरी अभ्यासाला दिवा आणि निवांतपणा नसलेल्या मुलाला या सोबतीचा आधार फार मोठा होता. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी दागिने, अखेर मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी दिले. बोर्डिंगच्या इतिहासात त्यांचे स्थान संस्थापकाच्या बरोबरीचे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापूर येथे वसतिगृह उघडले. मुलींच्या व स्त्रियांच्या निवासी शिक्षणात धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम (1896, पुढे हिंगणे) अग्रेसर होय.

लहान वयात घर तुटल्याची सल, आजारपणात आईची उणीव आणि रेक्टरच्या स्वभावावर अवलंबून असणारे वातावरण या मर्यादा आहेत. विशेषतः पहिलीपासून निवासी असणाऱ्या आदिवासी आश्रमशाळांत त्यांचा गांभीर्याने विचार व्हायला हवा.

आज समाजकल्याण विभागाची शासकीय वसतिगृहे, आश्रमशाळा आणि सहावी ते बारावीची जवाहर नवोदय विद्यालये ही मुख्य रूपे आहेत. नवोदयमधील काही मुले नववीचे वर्ष दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातील विद्यालयात काढतात. बीडसारख्या जिल्ह्यांत आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मुलांची शाळा सुटू नये म्हणून हंगामी वसतिगृहे चालतात. साखर कारखान्यांचा पट्टा पडून (गाळप हंगाम संपून) कुटुंबे परतली की ती बंद होतात.