वळचणीतल्या सुया

२४ जून २००७, रविवारची दुपार. कॅलिफोर्निया आणि नेव्हाडाच्या सीमेवर, डोंगरात १,९०० मीटर उंचीवरच्या ताहो तलावाच्या दक्षिणेला कुणीतरी बेकायदा पेटवलेली शेकोटी नीट विझली नव्हती. हिवाळ्यात बर्फ कमी पडलेला, त्यात सोसाट्याचा वारा. अँगोरा नावाच्या त्या वणव्याने सुमारे ३,१०० एकर रान आणि अडीचशेच्या आसपास घरं गिळली. माणूस एकही दगावला नाही, हे नशीब.

राख निवल्यावर एक विचित्र दृश्य दिसलं. घराच्या जागी नुसतं धुरांडं उभं, आणि शेजारचा पाइन हिरवागार. आग झाडावरून घरावर उतरली असती, तर आधी झाड जळायला हवं होतं. अशा घरांवर आग आली ती हवेतून. जळत्या साली आणि काटक्यांचे निखारे वाऱ्याबरोबर पुढे उडतात आणि सांदीकोपऱ्यात पडतात. पन्हळीत साठलेल्या पाइनच्या वाळक्या सुया, म्हणजे त्याची सुईसारखी पानं, लाकडी ओट्याखालचा पाचोळा, भिंतीला टेकवून रचलेलं सरपण. बोटभर निखाऱ्याला तेवढं पुरतं. मग पेटलेलं घरच शेजारच्या घराला पेटवतं, कारण घराची धग झाडापेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकते.

या सुयांवरूनच गावात भांडण पेटलं. ताहोचं पाणी प्रसिद्ध आहे ते नितळपणासाठी. पांढरी तबकडी पाण्यात सोडून, ती किती खोलवर दिसते हे १९६८ पासून नियमित मोजलं जातं. उतारावरच्या सुयांचा थर माती धरून ठेवतो, ती तलावात वाहून पाणी गढूळ होऊ देत नाही, म्हणून तो राहू द्यावा असे नियम होते. घरमालकांची तक्रार अशी होती, की त्याच नियमांपायी अंगण झाडता येत नव्हतं. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. प्रश्न फक्त भिंतीलगतच्या पाचेक फुटांचा होता.

रानही मूळचं असं दाट नव्हतं. एकोणिसाव्या शतकात चांदीच्या खाणींसाठी ते जवळपास सफाचट झालं. पुन्हा उगवलं ते दाटीवाटीने, आणि पुढे प्रत्येक लहान आग विझवत गेल्याने खालचं झुडूप साचत राहिलं.

ऑगस्ट २०२१मध्ये कॅल्डोर वणवा डोंगरमाथा ओलांडून याच खोऱ्यात उतरला. साउथ लेक ताहो शहर रिकामं करावं लागलं. पण खोऱ्यातल्या मायर्स या वस्तीच्या वरच्या बाजूला, जिथे रान आधीच विरळ केलं होतं, तिथे ४५ मीटरच्या ज्वाळा साडेचार मीटरवर आल्या. आपल्याकडे वनखातं उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढतं, त्याच जातीचा हा उपाय. खाली क्रिसमस व्हॅलीत अग्निशामक दलाची माणसं घराघराभोवती सुया ओढून काढत होती, सरपण भिंतीपासून दूर फेकत होती. ती घरं वाचली.