किती वाव पाण्यात?

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात धक्क्यावर जाळं साफ करत बसलेल्या माणसाला विचारा, ‘काल किती लांब गेला होतात?’ उत्तर किलोमीटरमध्ये येत नाही. ‘बारा वावात’, नाहीतर ‘वीस वावात’ असं येतं. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचं माप, साधारण सहा फूट. आपण विचारतो आडवं अंतर, तो सांगतो पाण्याची खोली. बरीच वर्षं मला वाटायचं, खोलीवरून मासळी कळते म्हणून हे लोक खोलीत बोलतात. ते खरंच आहे. पण एका मशीनच्या छोट्या बोटीनं किती लांब जावं, याचा हिशेब मांडायला बसलो तेव्हा कळलं की या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या वावातच आहे.

बोट डोळ्यांसमोर आणा. पंचवीस फुटांच्या आसपासची फायबरची होडी, मागे लावलेलं ९.९ अश्वशक्तीचं आउटबोर्ड मशीन, दोघं-तिघं माणसं, जाळी, बर्फाची पेटी. पेट्रोलवर चालणारं या ताकदीचं टू-स्ट्रोक मशीन पूर्ण जोरात ढोबळमानानं ताशी पाच लिटर पितं. सोबत पंचवीस लिटर इंधन, म्हणजे पाच तास. जुना नियम असा की एक हिस्सा जायला, एक यायला आणि एक अडीअडचणीला. जायला मिळाले एक तास चाळीस मिनिटं. ताशी १२ किलोमीटरनं गेलात तर २० किलोमीटर, म्हणजे सुमारे ११ सागरी मैल.

वेग आणखी का नाही? पाणी कापत चालणाऱ्या बोटीची लांबीच तिचा वेग ठरवते. बोट पुढे सरताना स्वतःची एक लाट उभी करते. वेग वाढत जातो तशी ही लाट लांबत जाते आणि शेवटी बोटीएवढी लांब होते. मग बोटीला जणू स्वतःच केलेला चढ चढावा लागतो. पाण्याला बावीस फूट टेकणाऱ्या होडीची ही हद्द ताशी साडेअकरा-बारा किलोमीटरच्या आसपास येते. त्यापुढे थ्रॉटल पिळलं की इंधन जातं, वेग फारसा वाढत नाही. उलट वेग पाव हिस्सा कमी केला तर लागणारी ताकद निम्म्याहूनही खाली येते. पंचवीस लिटरचे तीस करण्यापेक्षा हा उपाय स्वस्त, पण बाजार गाठायच्या घाईत कोणाला सुचत नाही.

कागदावरचं उत्तर मिळालं: २० किलोमीटर. त्यात एक गोष्ट मात्र आपण न बोलता धरून चाललो आहोत, मशीन चालू राहील ही.

मशीन बंद पडायला मोठं काही व्हावं लागत नाही. इंधनात पाणी शिरतं. गाळणी चोंदते. मशीनच्या पाण्यातल्या पंख्यात जाळ्याचा तुकडा किंवा दोर अडकतो आणि पंख्याची पिन तुटते. हल्ली प्लॅस्टिकची पिशवी थंडाव्याचं पाणी ओढणाऱ्या छिद्रावर बसते आणि मशीन तापून बसतं. राखून ठेवलेला तिसरा हिस्सा यातल्या एकाही वेळी कामाला येत नाही. दोन प्लग, पंख्याची पिन, पान्हा आणि चालू करायची दोरी मात्र येते. कोणी म्हणेल, दुसरं छोटं मशीन ठेवा. एक बंद पडायची शक्यता हजारात एक असेल, तर दोन्ही एकदम बंद पडायची दहा लाखांत एक, असा हा विश्वास. हे गणित दोन्ही मशीनचे आजार वेगळे असतील तेव्हाच खरं. दोघांची टाकी एक आणि टाकीत पाणी, तर दहा लाखांतला एक पुन्हा हजारात येतो. दुसऱ्या मशीनला दुसऱ्या डब्यातलं इंधन हवं, शक्यतो दुसऱ्या दिवशी भरलेलं.

मशीन थांबलं की पहिली गोष्ट घडते ती बोट आडवी होते. पुढे जाण्याचा जोर गेला की बहुतेक होड्या कुशीवर लाट घ्यायला लागतात आणि उलटण्याचा धोका या कुशीतच असतो. नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, दोर बांधून बादली, डबा, गुंडाळलेलं जाळं, जे पाण्यात ओढ धरेल ते सोडलं तर नाळ पुन्हा वाऱ्याकडे वळते. जाळं आधीच टाकलेलं असेल तर ते आपसूक हेच काम करतं. अशा वेळी जाळं कापून टाकायची घाई करू नये असं माझं मत आहे. ते पंख्यात गुंतलेलं असलं तरी, लाट चढलेली असेल तर आधी त्याचं एक टोक नाळेला बांधावं आणि मगच पंख्याकडे वळावं.

मग बोट वाहायला लागते. वाऱ्याच्या वेगाच्या तीन-चार टक्के वेगानं वारा तिला ढकलतो आणि पाण्याचा प्रवाह वेगळा. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात दहा तासांत दहा-बारा किलोमीटर सहज. दिशा कोणती, हे घड्याळ सांगतं. कोकणात हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. रात्रीतून जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, तिच्यावरची थंड, जड हवा खाली सरकत दर्यावर उतरते. दुपारी जमीन तापली की उलटं होतं आणि खारा वारा किनाऱ्याकडे सुटतो. पहाटे मतलईच्या पाठबळावर जाणं आणि दुपारी खाऱ्यावर परतणं हे शिडाच्या काळातलं वेळापत्रक मशीन आल्यावरही फारसं बदललं नाही, ते उगाच नाही. दुपारी बंद पडलेली बोट किनाऱ्याकडे येते. तिथे तिला खडकांपासून सांभाळायचं. रात्री बंद पडलेली बोट दर तासाला घरापासून दूर जाते. अंतर तेच असलं तरी दुपारचे पंधरा किलोमीटर आणि मध्यरात्रीचे पंधरा किलोमीटर सारखे नाहीत.

वाहू नये म्हणून नांगर. आणि इथे वाव येतो.

नांगर वजनानं धरत नाही, तो जमिनीत रुतून धरतो. रुतायला ओढ आडवी हवी. दोर आखूड असेल तर प्रत्येक लाटेबरोबर नांगर वर उपटला जातो. म्हणून खोलीच्या निदान पाचपट दोर लागतो, वारा असेल तर सातपट. बारा वाव पाण्याला साठ वाव दोर, म्हणजे सुमारे ११० मीटर. वीस वावाला शंभर वाव, १८० मीटर. एवढा दोर पंचवीस फुटी होडीत ठेवायचा कुठे? तेव्हा बोटीत किती वाव दोर आहे ते पाहा, त्याला पाचानं भागा. जे येईल तेवढ्या वावापलीकडे मशीन बंद पडलं तर तुम्ही थांबू शकत नाही, फक्त वाहू शकता. धक्क्यावरचा माणूस खोलीत उत्तर देतो तेव्हा तो नकळत हेही सांगत असतो.

याबाबतीत आपला किनारा उदार आहे. मुंबईसमोर समुद्राखालची उथळ बैठक सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते. कोकणात किनाऱ्याजवळचा तळ बराचसा चिखलाचा, नांगर धरायला बरा. लक्षद्वीपच्या माणसाला ही चैन नाही. प्रवाळाची कड ओलांडली की तळ झपाट्यानं खोल जातो आणि नांगर नुसता लोंबकळतो. त्याच्यासाठी ‘किती लांब’ हा प्रश्न वेगळ्याच मापानं सोडवावा लागतो.

समजा, नांगर धरला. आता कोणाला तरी कळायला हवं. बोटीत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून दीड मीटरवर. मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला ३.५७ नं गुणलं की क्षितिज किती किलोमीटरवर ते मिळतं. म्हणजे क्षितिज साडेचार किलोमीटरच्याही आत. शंभर मीटर उंचीचा सडा, म्हणजे किनाऱ्यावरचं कातळाचं पठार, चाळीस किलोमीटरवरूनही दिसू शकतो, हवा स्वच्छ असेल तर. म्हणजे तुम्हाला घर दिसतं, घराला तुम्ही दिसत नाही. मला वाटतं या दिसण्यानंच सगळ्यात जास्त फसवलं आहे. डोंगर दिसतोय तोवर माणसाला आपण जवळच आहोत असं वाटत राहतं.

रेडिओचंही असंच. बोटींवरचे संच वापरतात त्या व्हीएचएफ लहरी क्षितिजापलीकडे फारशा वळत नाहीत. दोन होड्यांतल्या हातातल्या संचांना जेमतेम दहा किलोमीटर मिळतात, तेही चांगल्या दिवशी. समोरचा अँटेना उंच टेकडीवर असेल तर तीसचाळीस. म्हणून सोळा नंबरच्या चॅनलवर हाक देताना संच जमेल तितका उंच धरावा. मोबाइलवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी एक गंमत: जुन्या टू-जी टॉवरला ३५ किलोमीटरपलीकडचा फोन साधारणपणे चालतच नाही. सिग्नल पोचत नाही म्हणून नव्हे, तर पोचायला लागणारा उशीर त्या यंत्रणेच्या हिशेबात बसत नाही म्हणून. प्रत्यक्षात त्याच्या बरंच आधी फोन मान टाकतो.

ही उणीव २०१७ साली सगळ्यांना दिसली. ३० नोव्हेंबरला ओखी वादळ कन्याकुमारीजवळून अरबी समुद्रात शिरलं, तेव्हा खोल समुद्रातल्या अनेकांना ते येतंय हे कळवायची सोयच नव्हती. त्या दिवसांत केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ बोटी ९५२ मच्छिमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. पुढे उपग्रहावरून थेट बोटीवर इशारा देणारी साधनं आली. पालघरला ऑगस्ट २०२४ मध्ये देशातल्या एक लाख बोटींवर दुतर्फा संदेशाचे ट्रान्सपाँडर बसवायची योजना सुरू झाली. हैदराबादची इन्कॉइस संस्था २०२० पासून लहान बोटींसाठी वेगळा इशारा देते. त्यात लाटेच्या उंचीबरोबर तिचा उभटपणाही धरतात. हे फार योग्य आहे. दोन मीटरची लांब, आडवी पसरलेली लाट होडीला उचलून ठेवते. दीड मीटरची उभी लाट तिला उलटवते.

उभ्या लाटेची खात्रीची जागा मात्र दर्यात नसते, ती घराच्या दारात असते. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, बाहेरून खाऱ्या वाऱ्याची लाट आत येते. समोरून येणारा प्रवाह लाटेला आखडतो, ती आखूड आणि उंच होते आणि दांड्यावर फुटते. उधाणाच्या दिवसांत ओहोटीचा जोर जास्त. मुंबईकडे तेव्हा भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, मालवणकडे साधारण निम्मा, पण अरुंद तोंडाच्या खाडीला तेवढाही पुरतो. मासळीनं जड झालेली, काठ पाण्याला टेकत आलेली होडी नेमकी या वेळी इथे येऊ नये. म्हणजे परतायची वेळ भरती ठरवणार, त्यावरून निघायची वेळ ठरणार आणि मध्ये जेवढे तास उरतील तेवढंच अंतर. कागदावरचे वीस किलोमीटर कधी बारा होतात, कधी सहा.

एक हिशेब मात्र किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी करायचा. बोट ताशी दोन किलोमीटरनं कोणत्यातरी दिशेला वाहते आहे असं धरा. दोन तासांनी ती चार किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठेतरी असेल, क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस किलोमीटर. दहा तासांनी त्रिज्या वीस होते आणि क्षेत्रफळ साडेबाराशेच्या वर जातं. वेळ पाचपट, शोधायचं पाणी पंचवीसपट. म्हणून निघताना घरात तीन गोष्टी सांगायच्या: किती वावात, कोणत्या बाजूला जातोय, आणि किती वाजता परत. दोनची वेळ दिली असेल तर चारला तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन लावायचा, संध्याकाळची वाट बघायची नाही. फोन उचलणारा पहिल्यांदा विचारेल बोट कुठे होती. तेव्हा ‘मिऱ्या बंदराच्या समोर, बारा वावात’ एवढं सांगता आलं, तर त्याला नकाशावर बोट ठेवायला एक रेघ मिळते.