राष्ट्रीय प्रजासत्ताक सेना (इटली)

मुसोलिनीच्या ‘इटालियन सामाजिक प्रजासत्ताक’ या कळसूत्री राज्याचे लष्कर (१९४३–४५). ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीचा दोस्त राष्ट्रांशी युद्धविराम जाहीर होताच जर्मनांनी इटालियन फौजा निःशस्त्र केल्या आणि लाखो सैनिक छावण्यांत डांबले. त्याच महिन्यात कैदेतून सोडवलेल्या मुसोलिनीला हिटलरने उत्तर इटलीत पुन्हा गादीवर बसवले. गार्दा सरोवराकाठच्या सालो गावावरून हे राज्य ओळखले जाते.

सैन्य कसे असावे यावर पहिल्यापासून ओढाताण होती. संरक्षणमंत्री मार्शल ग्रात्सियानीला सक्तीच्या भरतीचे, फॅसिस्ट पक्षापासून अलिप्त सैन्य हवे होते. फॅसिस्ट पुढाऱ्यांना कडव्या कार्यकर्त्यांचे. जर्मनांना तर इटालियन माणूस कारखान्यात मजूर म्हणूनच हवा होता. अखेर चारच डिव्हिजन उभ्या राहिल्या : मोंतेरोझा, सान मार्को, इतालिया आणि लित्तोरिओ. त्यांचे प्रशिक्षण जर्मनीत झाले. छावण्यांतल्या बहुसंख्य कैद्यांनी भरतीला नकार दिल्याने मुख्य भरणा इटलीतून पाठवलेल्या तरुणांचा होता. कॉलरवरचा राजाच्या सैन्याचा तारा काढून त्याजागी पानांच्या वेढ्यातली रोमन तलवार लावण्यात आली.

भरती चुकवणाऱ्यांना व पळून जाणाऱ्यांना देहदंड देणारा हुकूम १८ फेब्रुवारी १९४४ रोजी निघाला. परिणाम उलटाच झाला : अनेक तरुणांनी डोंगरातल्या प्रतिकारकांची (जर्मन व फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्या गनिमांची) वाट धरली. उन्हाळ्यात मोंतेरोझा व सान मार्को वायव्य इटलीच्या किनाऱ्यावरील लिग्युरियात परतल्या, तेव्हा त्यांनाही गळती लागली. ‘लिग्युरिया आर्मी’ या जर्मन-इटालियन संयुक्त फौजेचे सेनापतिपद ग्रात्सियानीकडे होते खरे, पण सूत्रे जर्मनांच्या हाती. या फौजेच्या वाट्याला बहुतेक वेळ किनाऱ्यावरचा पहारा आणि प्रतिकारकांविरुद्धच्या मोहिमाच आल्या. रिपब्लिकन नॅशनल गार्ड हे निमलष्करी पोलीस दल, नौदल अधिकारी बोर्गेझेचे ‘देचिमा मास’ हे नौसैनिकांचे दल आणि पक्षाच्या सशस्त्र ‘काळ्या ब्रिगेड’ यांचा कारभार वेगळाच होता. एवढ्याशा राज्यात इतकी सशस्त्र दले एकमेकांशीच स्पर्धा करत होती.

दोस्तांशी थेट सामन्याचे ठळक उदाहरण तस्कनीतल्या गार्फान्याना या डोंगराळ भागाचे. २६ डिसेंबर १९४४ रोजी सेर्किओ खोऱ्यात जर्मन व इटालियन तुकड्यांनी अमेरिकेच्या ९२ व्या डिव्हिजनला मागे रेटले. ती खिंडार बुजवायला ८ वी भारतीय डिव्हिजन धावली आणि गेलेला मुलूख काही दिवसांत परत मिळाला. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन याच डिव्हिजनची.

२९ एप्रिल १९४५ रोजी दक्षिण इटलीतील कासेर्ता येथे जर्मनांनी केलेल्या शरणागतीत या सैन्याचाही समावेश होता. ग्रात्सियानीने तसे अधिकार जर्मनांनाच दिले होते. १९५० मध्ये त्याला १९ वर्षांची शिक्षा झाली, पण त्याच वर्षी तो सुटला.