लेसर फ्युजनची खरी परीक्षा २ मिलिमीटरच्या कॅप्सूलमध्ये

५ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेतल्या लिव्हरमोर लॅबमध्ये २.०५ मेगाज्यूल लेसर आत गेला आणि फ्युजनमधून, म्हणजे हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांत जुळून, ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा बाहेर आली. आपल्याकडं सगळी चर्चा त्या १९२ लेसर किरणांचीच झाली, इंधन भरलेल्या बारीक पोकळ गोळीबद्दल, म्हणजे कॅप्सूलबद्दल, कुणी फार बोललंच नाही. खरं तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत ज्यांची हयात मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजण्यात गेली त्यांनी आधी कॅप्सूलच बघायला पाहिजे, कारण पन्नास वर्षं घोडं तिथंच अडलं होतं.

१९७२ मध्ये जॉन नकल्स आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये मांडलं की लेसरनं हायड्रोजन दाबून द्रव हायड्रोजनपेक्षा १०,००० पट दाट करता येईल. बाहेरचा थर तापून उडतो आणि त्याच्या धक्क्यानं आतलं इंधन, म्हणजे ड्युटेरियम-ट्रिटियम हे हायड्रोजनचे जड प्रकार, चारी बाजूंनी दाबलं जातं. कागदावर हे किती सोपं वाटतं बघा! १९७४ मध्ये मिशिगनच्या केएमएस फ्युजन या खाजगी कंपनीनं काचेच्या बारीक पोकळ गोळ्यांत हा गॅस भरून न्यूट्रॉन मिळवले. मग लिव्हरमोरला १९७७ मध्ये शिवा नावाचा २० किरणांचा लेसर आला, पण त्याच्या इन्फ्रारेड प्रकाशानं सुसाट इलेक्ट्रॉन तयार व्हायचे, ते इंधन आधीच तापवायचे, आणि तापलेलं इंधन नीट दबत नाही. म्हणून नोव्हा या पुढच्या लेसरमध्ये प्रकाश अल्ट्राव्हायोलेट करून घेतला.

२००९ ला लिव्हरमोरलाच एनआयएफ (नॅशनल इग्निशन फॅसिलिटी) हे १९२ किरणांचं लेसर केंद्र तयार झालं. इथं लेसर थेट कॅप्सूलवर पडत नाही, सोन्याच्या छोट्या डब्याच्या आतल्या भिंतीवर पडतो आणि तिथून निघालेले एक्स-रे कॅप्सूल दाबतात. आत गोठलेल्या इंधनाचा थर असतो, उणे २५५ अंशांच्या आसपास, आणि तो सगळीकडं सारखा जाड लागतो. हे काम ट्रिटियम स्वतःच करतं, मला यातलं सगळ्यात आवडलेलं हेच! ट्रिटियमच्या किरणोत्सारानं थोडी उष्णता निघते, बर्फ जिथं जाड तिथं जास्त तापतो, तिथली वाफ पातळ जागी जाऊन गोठते, असं होत होत थर आपोआप एकसारखा होतो.

तरी सुरुवातीच्या प्लॅस्टिक कॅप्सूलनी दगा दिला. कॅप्सूल धरून ठेवणारा नॅनोमीटर जाडीचा पडदा आणि गॅस भरायची नळी, एवढ्यानंच दाबताना गोलाई बिघडायची आणि कवचाचा माल आत घुसून इंधन थंड करायचा. कास्टिंगमधला ब्लोहोल, म्हणजे आत राहिलेली हवेची पोकळी, वरून दिसत नाही पण लोड आला की तिथूनच तडा जातो, तसाच हा प्रकार. मग नळी १० मायक्रॉनवरून २ वर आणली आणि प्लॅस्टिकऐवजी हिरा घेतला. सिलिकॉनच्या गोळीवर हिऱ्याचा थर चढवायचा, पॉलिश करायचा, लेसरनं बारीक भोक पाडायचं आणि त्यातून आतलं सिलिकॉन विरघळवून काढायचं.

ऑगस्ट २०२१ ला १.३ मेगाज्यूल मिळाले, पण तोच प्रयोग परत केला तर तेवढं येईना, आणि त्याचं एक मोठं कारण हिऱ्यातले खड्डे आणि पोकळ्या. शेवटी लेसर थोडा वाढवला, कॅप्सूलची भिंत थोडी जाड केली, जेणेकरून असले दोष पचावेत, आणि डिसेंबरचा तो शॉट लागला.

वीज करायची तर मात्र सेकंदाला दहाएक कॅप्सूल लागतील, आणि हिऱ्याची एक खेप बनवून तपासायला आज महिने जातात. म्हणून काही जण आता द्रव इंधनात भिजवलेल्या फोमच्या कॅप्सूलवर काम करतायत, त्यात बर्फाचा थर जमवायची भानगडच नको.