रबरी बोटं नेणाऱ्यांसाठी: आधी बोट, मग भोक

ऑक्टोबर हीट सुरू झाली की आमच्या गाळ्यात एक फोन हमखास येतो. “शेठ, तुमची बोटं निघून येतायत.” बोटं म्हणजे पिसं काढायच्या मशीनच्या ड्रमला भोकं पाडून त्यात बसवायची रबरी बोटं. आम्ही विचारतो, भोक केवढं पाडलंय? पलीकडे जरा वेळ कुणीच बोलत नाही. मग उत्तर येतं, “व्हिडिओत दाखवलं होतं तेवढंच.” दर वर्षी हेच चालतं, म्हणून यंदा छापूनच टाकलं. बोटांच्या प्रत्येक पाकिटात हा कागद मिळेल. मशीन बांधायच्या आधी वाचा, नंतर वाचून उपयोग नाही.

साकीनाक्याच्या या गाळ्यातून आम्ही पिसं काढायच्या मशीनचे सुटे भाग विकतो. रबरी बोटं, ड्रमच्या तळाची फिरती प्लेट, शाफ्ट, बेअरिंग, पुल्या. तयार मशीनही बांधून देतो, पण निम्मं गिऱ्हाईक स्वतःच्या हातानं बांधणारं आहे. वसई, पालघर, कर्जत, पनवेल या बाजूचे लोक. कुणाच्या गावठी कोंबड्या, कुणाची बदकं, आणि नाताळसाठी टर्की. मुंबईतला कोंबडीवाला पिसं काढत बसत नाही, कातडीसकट ओरबाडून मोकळा होतो. रश्श्याला ते चालतं. पण अख्खी भाजायची टर्की कातडीसकटच लागते, आणि तीही कुठे फाटलेली नको. त्यामुळे आमचा धंदा सगळा त्या कातडीवर चालतो म्हणा ना.

भोकाचं माप

मागच्या वर्षी नोव्हेंबरात वसईहून एक गिऱ्हाईक टेम्पोत ड्रम घालून आले. निळा, दोनशे लिटरचा, आतून-बाहेरून घासून लख्ख केलेला. एकशे वीस भोकं, ओळी दोऱ्यानं आखलेल्या, मार्करच्या खुणा अजून दिसत होत्या. काम बघून आमच्या टर्नरनंही मान डोलावली. मग त्यांनी आमच्याकडून एक बोट घेऊन भोकात बसवलं. बसल्यासारखं वाटलं. दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकंच ओढलं, तर बुडख्यासकट हातात आलं. भोकं 22 मिमीची होती आणि बोटाची मान 19 ची. दोन रविवार त्यात गेले होते. मोठं झालेलं भोक लहान करायचं मशीन अजून कुणी काढलेलं नाही, तेव्हा नवा ड्रम घ्यावा लागला. प्लेटला ड्रिल मारायचं राहून गेलं होतं म्हणून निदान ती तरी वाचली.

व्हिडिओ चुकीचा नव्हता. त्या व्हिडिओतलं बोट वेगळं होतं, एवढंच. बाजारात बोटं एका मापाची नसतात. दिसायला सगळी सारखी, खाली जाड बुडखा, त्यावर खाच म्हणजे मान, आणि पुढे वळ्या-वळ्यांचं निमुळतं टोक. फरक मानेत असतो, आणि तोही दोन प्रकारचा. एक मानेची जाडी, तिच्यावरून भोकाचं माप ठरतं. दुसरी खाचेची रुंदी, तिच्यावरून पत्र्याची जाडी ठरते. हे दुसरं तर कुणीच बघत नाही. खाच 4 मिमीची आणि प्लेट 6 मिमी ॲल्युमिनियमची असेल, तर भोक कितीही नेमकं असो, बोट बसणार नाही. हातोडीनं ठोकून बसवलंत तर मान पहिल्याच पक्ष्याला कापली जाईल.

म्हणून आधी बोटं घ्या. व्हर्नियरनं मान मोजा. व्हर्नियर नसेल तर गाळ्यावर या, आम्ही मोजून पाकिटावर लिहून देतो. भोक मानेएवढं पाडा. अर्धा मिमी कमी चालेल, जास्त अजिबात नको. आणि पहिलं भोक ड्रममध्ये पाडू नका. त्याच ड्रमचं कापलेलं झाकण असतं, त्यात पाडा. बोट बसवा, टोक धरून जोर लावून ओढा, चारी बाजूंना वाकवा. मान भोकात फिरायला नको आणि बुडखा बाहेरून सपाट टेकायला हवा. हे जमलं की मग ड्रममधली एकशे वीस.

होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडायची करवत, वापरत असाल तर आधी सेंटर पंच मारा आणि ड्रिल सावकाश चालवा. ड्रमचं प्लास्टिक वेगानं कापलं की वितळतं, कडा लोंबतात आणि भोक अंडाकृती होतं. स्टीलमध्ये उलटं दुखणं. तिथे भोक छान गोल येतं, पण मागच्या बाजूला बर, म्हणजे धातूची उरलेली किनार, राहते, आणि ती ब्लेडसारखी असते. दोन्ही बाजूंनी कानस मारा, मग हाताचं बोट भोकाच्या आतून फिरवून बघा. बोटं आठवड्यात तुटली म्हणून परत आणून दाखवतात, तेव्हा आम्ही तुटलेली जागा बघतो. मानेभोवती सरळ रेषेत कापलेलं असेल तर रबराचा दोष नाही, कानस मारायचा कंटाळा केलाय. रबर खराब असेल तर ते टोकाकडून चिरतं आणि भुगा होतो. तसं एकजरी बोट निघालं तरी आम्ही पूर्ण पाकीट बदलून देतो, आजवर कुणाशी वाद घातलेला नाही.

बोट बाहेरून आत ओढायचं असतं. ते सहज ओढलं जात नाही, म्हणून लोक खोबरेल लावतात, ग्रीस लावतात, एकानं तर इंजिन ऑइल लावलं होतं. तेलानं रबर फुगतं आणि मान सैल पडते. साबणाचं पाणी लावा, टोकाला सुतळीचा फास घाला आणि एका झटक्यात ओढा.

लावलेली बोटं आम्ही परत घेत नाही, यावरून काही मंडळी नाराज असतात. एकदा ओढून बसवलेल्या मानेवर ताण येऊन गेलेला असतो. ती दुसऱ्या गिऱ्हाईकाला नवी म्हणून विकणं आमच्यानं होत नाही. त्याऐवजी नमुन्याचं एक बोट आम्ही फुकट देतो. ते नेऊन झाकणात बसवून बघा, मग शंभर घ्या. आणि शंभर लागत असतील तर एकशे दहा घ्या. जास्तीची दहा आमच्या गल्ल्यासाठी नाहीत. चोवीस डिसेंबरला रात्री तीन बोटं तुटली तर कुणाचंही दुकान उघडं नसतं, आमचंही नाही.

टर्की म्हणजे मोठी कोंबडी नव्हे

कोंबडीसाठी बांधलेल्या मशीनमध्ये टर्की घालून बघणारे पुष्कळ. देशी टर्कीची मादी चार-पाच किलोची, नर सहा-आठ किलोचा, पांढऱ्या जड जातीचा नर त्याच्याही दुप्पट जाऊ शकतो. निळा ड्रम साधारण 58 सेंमी रुंद असतो. मादी त्यात नीट लोळते. मोठा नर लोळत नाही, अडकून एकाच जागी घासला जातो, आणि मग छातीची कातडी जाते. नर करायचे असतील तर 75 सेंमीचा ड्रम लागतो. तो प्लास्टिकमध्ये मिळणं अवघड, आम्ही 304 स्टीलचा (सहसा न गंजणारी जात) पत्रा रोल करून देतो.

इथे एक आगाऊ सल्ला. दारूखान्याच्या किंवा कुर्ल्याच्या भंगार बाजारात स्वस्तात पत्रा मिळतो आणि दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, “बघा, चिकटत नाही, 304 आहे.” 202 या हलक्या जातीलाही चुंबक चिकटत नाही. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत 202 ला गंजाचे ठिपके लवकर येतात, आणि रक्त-मिठाशी काम असेल तर विचारायलाच नको. रसायनाचा थेंब टाकून तपासून घ्या, नाहीतर पत्रा आमच्याकडे आणा, तपासायचे पैसे घेत नाही. प्लायवूडची प्लेट तर करूच नका. पाणी पिऊन फुगते आणि तिचा वास कधी जात नाही.

प्लेट आणि ड्रमच्या भिंतीमध्ये चारी बाजूंनी 20 मिमीच्या आसपास फट ठेवा. पिसं तिथूनच खाली पडतात. फट कमी झाली तर पिसं तुंबतात, जास्त झाली तर पंखाचं टोक नाहीतर पायाचं बोट जाऊन अडकतं. भिंतीवरची सगळ्यात खालची ओळ प्लेटवरच्या बोटांना घासणार नाही एवढी वर घ्या. टर्कीसाठी कडक बोटं, कोंबडीसाठी मऊ. दोन्ही करत असाल तर प्लेटवर कडक आणि भिंतीवर मऊ असं आम्ही सुचवतो.

मोटर आणि पुली

अमेरिकेतल्या व्हिडिओतली मोटर मिनिटाला 1725 फेरे घेते, कारण तिकडची वीज 60 हर्ट्झची. आपल्याकडे 50 हर्ट्झ, त्यामुळे तीच चार पोलची मोटर 1440 फेरे घेते. त्यांची 2 आणि 14 इंची पुली जशीच्या तशी लावलीत तर तिकडे प्लेट 246 नं फिरते आणि तुमची 206 नं. पिसं निघतात, पण वेळ लागतो, आणि जास्त वेळ म्हणजे जास्त घासणं. आम्ही 240 धरतो. 3 इंच मोटरला, 18 इंच शाफ्टला. 2 आणि 12 नंही तेवढेच फेरे मिळतात, पण 2 इंचाच्या पुलीवर पट्टा घसरतो आणि लवकर जळतो.

पाण्याच्या पंपाची जुनी मोटर पडून आहे, ती चालेल का? मोटरच्या प्लेटवरचा आकडा वाचा. 2880 असेल तर तीच पुली लावून 480 फेरे होतील. टर्कीचे पंख मोडतील, तुमचे हात वाचले तर नशीब. कोंबडीला 1 एचपी पुरते, टर्कीला 2 घ्या. पाणी, स्टील आणि वीज एकत्र आहेत, तेव्हा अर्थिंग आणि 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) याशिवाय आम्ही मोटर विकत नाही. “नंतर लावतो” म्हणणाऱ्यालाही नाही. पट्ट्यावर जाळी हवीच.

पिसं निघत नाहीत तेव्हा

भोकं बरोबर, वेग बरोबर, तरी पिसं राहतात किंवा कातडी फाटते. मग शंभरात नव्वद वेळा पाणी चुकलेलं असतं. उकळतं पाणी नको. हाताला चटका बसतो का बघून अंदाज करू नका, शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर घ्या. टर्कीला 60 ते 63 अंश, दीड ते दोन मिनिटं. पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाका, नाहीतर दाट पिसांतून पाणी कातडीपर्यंत पोचत नाही. बुडवून वर-खाली हलवत राहा. शेपटीचं मोठं पीस दोन बोटांत धरून ओढा. सहज आलं की लगेच बाहेर काढा. त्यापुढे ठेवलं तर कातडी शिजते आणि ड्रममध्ये तिच्या चिंध्या होतात. प्रत्येक पक्ष्यानंतर पाणी थंड होतं, तेव्हा दुसरा बुडवायच्या आधी पुन्हा मोजा. आणि टोप काठोकाठ भरू नका, सात किलोची टर्की सात लिटर तरी पाणी बाहेर ढकलते.

बुडवायच्या आधी रक्त पूर्ण वाहून जाऊ द्या आणि हालचाल थांबल्याची खात्री करा, टर्कीला दोन-तीन मिनिटं लागतात. पंखांची मोठी पिसं पाण्यातून काढल्या-काढल्या पक्कडीनं उपटा, ती मशीनवर सोडू नका. नराच्या छातीवरची दाढी, म्हणजे केसांसारखा झुपका, मशीननं निघत नाही, ती सुरीनं कापा. मग ड्रममध्ये एका वेळी एकच पक्षी, वरून पाइपनं पाणी सोडत अर्धा-पाऊण मिनिट. काळ्या-तपकिरी जातींच्या कातडीत नव्या पिसांची काळी टोकं राहतात. ती चिमट्यानंच काढावी लागतात, त्याबद्दल आम्हाला फोन करू नका. विक्रीसाठी वाढवत असाल तर पांढरी जात पाळा. साफ झालेली टर्की लगेच बर्फाच्या पाण्यात घाला, मांस आतपर्यंत 4 अंशांच्या खाली यायला हवं.

खाली पडणारी पिसं गटारात सोडू नका. ती लवकर कुजत नाहीत, तुंबतात, आणि मग शेजारी तुमच्याऐवजी मशीनला शिव्या घालतात. ड्रमखाली कांद्याची जाळीदार गोणी बांधली की काम झालं.

हे मशीन कुणी बांधू नये

वर्षाला चार-सहा टर्की घरच्यापुरत्या करणाऱ्यांनी. त्यांच्यासाठी आमच्याकडे ड्रिलला लावायचा लहान रोलर आहे, अठरा बोटांचा. एकानं पाय धरायचे, दुसऱ्यानं ड्रिल. पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण जागा लागत नाही आणि खर्चही नाही. ड्रम विकून आम्हाला जास्त सुटतात हे खरं, पण वर्षभर पडवीत उंदीर पोसायला ड्रम कशाला?

विकण्यासाठी करत असाल तर अन्नसुरक्षा कायद्याची नोंदणी घ्यावी लागते. दिवसाला 50 पक्ष्यांपर्यंत साधी नोंदणी पुरते, त्यावर परवाना. मुंबईच्या हद्दीत पालिकेची परवानगी वेगळी.

येताना ड्रमची आतली रुंदी, भिंतीची जाडी आणि मोटरच्या प्लेटचा फोटो घेऊन या. एवढं असलं की दहा मिनिटांत तुमचं काम होतं. प्लेट लेझरनं कापून हवी असेल तर भोकं आम्ही आमच्या बोटाच्या मापानं पाडून, कानस मारून देतो, त्यासाठी चार दिवस लागतात. नाताळासाठीच्या ड्रमची ऑर्डर 25 नोव्हेंबरपर्यंतच घेतो. त्यानंतर फक्त सुटी बोटं मिळतील. दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी असते, तेव्हा शटर अर्धं खाली असलं तरी हाक मारू नका.