जीएसटीची लेट फी: आमच्या ग्राहकांसाठी थोडं स्पष्टच

दर महिन्याच्या 19 तारखेला रात्री आम्हाला बिलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, अर्धे तिरके, अर्ध्यांवर चहाचा डाग. त्यासाठीच हा कागद काढलाय.

मंथली वाल्यांचं जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) 11 तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-3बी (टॅक्सचा हिशोब आणि भरणा) 20 तारखेपर्यंत. 3बी ला उशीर झाला की रोजचे 50 रुपये, नील (म्हणजे त्या महिन्यात काहीच व्यवहार नाही) असेल तर 20. वर टॅक्सवर वर्षाला 18 टक्के व्याज. समजा 40 हजार टॅक्स कॅशने भरायचा होता आणि 25 दिवस उशीर झाला, तर लेट फी 1250 आणि व्याज साधारण 493. ही लेट फी इनपुट क्रेडिटमधून (खरेदीवर भरलेल्या टॅक्सच्या वजावटीतून) वळती होत नाही, खिशातूनच जाते. दीड कोटीपर्यंत टर्नओव्हर असेल तर एका रिटर्नला 2000 च्या वर लागत नाही, पण म्हणून निवांत बसू नका, कारण मागचं भरल्याशिवाय पुढचं भरता येत नाही आणि दोन महिने थकले की ई-वे बिल (माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद) बंद, मग माल गोडाऊनमध्येच.

सगळ्यात जास्त फसतात ते "दुकान बंद आहे, रिटर्न कशाला" म्हणणारे. अहो, जीएसटी नंबर चालू आहे तोवर नील रिटर्न भरावंच लागतं! नीलची लेट फी रिटर्नमागे 500 ला थांबते, पण वर्षभर शटर खाली ठेवून गप्प बसलात तर 12 गुणिले 500, म्हणजे 6000 झाले ना, तेही एक रुपयाची विक्री न करता. धंदा खरंच बंद केला असेल तर आम्हाला सांगा, नंबर रद्द करायचा अर्ज टाकू. आणि नील 3बी तर 14409 ला एसएमएस करूनही भरता येतं.

हातात पैसे नाहीत म्हणून कागदच न देणं, हे तर अजिबात करू नका. जीएसटीआर-1 ला पैसे लागत नाहीत. ते वेळेत गेलं की तुमच्या गिऱ्हाईकाला त्याच्या 2बी मध्ये (पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत) क्रेडिट दिसतं आणि तो तुमचं पेमेंट अडवत नाही (हे आम्ही बऱ्याचदा पाहिलंय). उलट पैसे आहेत पण एखाद्या बिलाचा घोळ मिटत नाहीये, तर चलन भरून रक्कम 20 तारखेच्या आत कॅश लेजरला (पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्यात) टाकून ठेवा, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, लेट फी मात्र लागते.

कामगार ठेवलेत त्यांनी व्यवसाय कराचं रिटर्नही विसरू नका, तारीख चुकली तर लेट फी 1000, त्यानंतर महिन्याच्या आत भरलं तर 200. स्वतःच्या व्यवसाय कराचे वर्षाचे 2500 वेगळे, 30 जूनपर्यंत.

तर बिलं, बँक स्टेटमेंट 5 तारखेपर्यंत पाठवा, आणि 20 ला फोन जवळ ठेवा, रिटर्न भरतानाचा ओटीपी 10 मिनिटंच चालतो आणि तुम्ही नेमके तेव्हाच लग्नाला गेलेले असता.