टेबल हलत नाही तेव्हा समीकरणाचं काय होतं

"उत्तर काढायचं सोडून उत्तर आहे की नाही हेच काय सिद्ध करत बसता, कॉम्प्युटरला द्या ना!" हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायला घेतलं. विषय डिफरन्शियल समीकरणांचा, म्हणजे एखादी गोष्ट क्षणोक्षणी किती वेगाने बदलते हे सांगणाऱ्या नियमांचा; उत्तर म्हणजे तो नियम पाळणारी वाट. कॉम्प्युटर उत्तर देतोच हो, उत्तर नसलं तरी देतो, लोचा तिथेच आहे.

समजा क्ष हा आकडा शून्य किंवा त्याहून मोठा असेल तर दर सेकंदाला १ ने घटतो, आणि शून्याखाली असेल तर १ ने वाढतो. आता क्ष शून्यावरून सोडा. नियम म्हणतो खाली जा, पण खाली गेल्या गेल्या तोच म्हणतो वर ये, म्हणजे मुळात खाली जाताच येत नाही. बरं, शून्यावरच थांबावं तर तिथला वेग उणे १ ठरलाय, थांबायला परवानगी नाही. म्हणजे उत्तरच नाही! कॉम्प्युटर मात्र शून्याभोवती थरथरणारा ग्राफ काढून देतो आणि लोक तो बिनधास्त रिपोर्टात चिकटवतात.

नियम सलग असेल तर थोड्या वेळापुरतं तरी उत्तर असतंच, हे इटालियन गणिती पेआनोचं १८९० चं प्रमेय. इथे नियमच उडी मारतो, त्यामुळे ते कामाचं नाही. १९६० मध्ये सोव्हिएत गणिती फिलिपोव्हने मांडलेली वाट अशी, की उडीच्या जागी एकच वेग सांगायचा हट्ट सोडा, उणे १ ते अधिक १ मधला कुठलाही चालेल म्हणा. हे झालं डिफरन्शियल इन्क्लुजन, म्हणजे एका वेगाऐवजी चालतील अशा वेगांचा संच देणारा नियम. आता शून्यावर थांबणं नियमात बसतं. घर्षण तरी दुसरं काय करतं? टेबल हळू ढकला, जोरात ढकला, हलत नाही तोवर घर्षण एका मर्यादेत हवं तेवढं होतं.

पण दोन टोकं पुरली असती, मधली सगळी जागा कशाला भरायची? मला सगळ्यात आवडतं ते हेच. समजा सगळीकडेच अधिक १ आणि उणे १ हे दोनच वेग चालतात. त्यांनी शून्याभोवती झिगझॅग काढा, दाते बारीक करत न्या, रेषा शेवटी शून्याला चिकटते. तिचा वेग शून्य, जो यादीतच नाही! म्हणजे प्रत्येक झिगझॅग खरं उत्तर, पण ती सगळी जिकडे जातात ते उत्तर नाही, आणि सिद्धता तर अशा जवळजवळ जाण्यावरच उभी असते. मधलं भरलं (कन्व्हेक्स), वेगांचा संच बंद (काठासकट) आणि मर्यादित ठेवला, शेजारच्या बिंदूंचे वेग त्याच्याबाहेर सांडू दिले नाहीत (अप्पर सेमीकंटिन्युअस), की उत्तर मिळतं. कधी एक, कधी ढीगभर. लगेच "बघा, विज्ञानालाही नशीब मान्य" असं फॉरवर्ड करू नका, कुठली उत्तरं चालतील हे नियमच ठरवतो, ग्रह नाही.

आता इम्पल्स, म्हणजे क्षणात बसणारा धक्का. चेंडू दर टप्प्याला निम्मा वेग गमावतो असं धरा. पहिल्या दोन टप्प्यांमधे १ सेकंद, मग अर्धा, मग पाव... बेरीज २ सेकंद, टप्पे मात्र अनंत! त्यानंतर काय, यावर टप्प्याचा नियम गप्प. चेंडू जमिनीवर बसलाय, जमीन त्याला शून्यापासून वर लागेल तेवढा रेटा देते, म्हणजे एका आकड्याऐवजी परत आकड्यांचा संचच.